‘ईक आउट’: न पुरणारं पुरवणारं क्रियापद

शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये, तिसऱ्या अंकात, नायिका पोर्शिया बोलत सुटते. समोर बॅसानिओ उभा आहे. तिच्याशी लग्न करायचं तर सोन्याची, चांदीची आणि शिशाची अशा तीन पेट्यांमधून त्याला एक निवडायची आहे. चुकीची निवडली तर त्याला तिथून निघून जावं लागणार. पोर्शियाचं मन त्याच्यावर जडलेलं. ‘एक-दोन दिवस थांब, मग निवड,’ असं ती विनवते, आणि बोलता बोलता स्वतःच कबूल करते की मी फार बोलतेय खरी, पण हे सगळं वेळेचा पाय जड व्हावा म्हणून, वेळ ‘ईक’ करावा म्हणून, तो ओढून लांबवावा म्हणून.

‘ईक’ करणं आणि ओढून लांबवणं ही दोन क्रियापदं शेक्सपिअरने एकाला लागून एक ठेवली आहेत. दोन्हींचा अर्थ एकच असता तर एकावर भागलं असतं. मला त्यांतला फरक महत्त्वाचा वाटतो. ओढून लांबवायला आहे तीच वस्तू ताणावी लागते, दोरा ताणतात तशी. ‘ईक’ करायला मात्र वस्तू आधी अपुरी असावी लागते. पोर्शियाकडे वेळ कमी आहे. बॅसानिओ हातचा जाण्याआधी जे काही क्षण उरलेत, त्यांत ती बोलून बोलून भर घालते आहे.

या लहानशा इंग्रजी क्रियापदाचं सगळं मर्म त्या अपुरेपणात आहे. ते निसटलं की शब्दकोशातले अर्थ एकमेकांशी फटकून वागू लागतात.

आजच्या इंग्रजीत हा शब्द एकटा जवळजवळ भेटतच नाही. सोबत ‘आउट’ हवाच. ‘ईक आउट’ शोधलं तर शब्दकोश चार वाटा दाखवतो: एखाद्या गोष्टीत भर घालून ती पुरवणं, ती जपून, थोडी थोडी वापरून जास्त दिवस टिकवणं, कष्टाने कसाबसा उदरनिर्वाह करणं, आणि सामन्यात वगैरे निसटता विजय मिळवणं. भर घालणं आणि काटकसर करणं या तर उलट दिशेच्या गोष्टी. त्यांचा जिंकण्याशी काय संबंध? इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, तेही इथे अडखळतात.

मराठी वाचकाला मात्र याची किल्ली आपल्याच भाषेत सापडते. ती म्हणजे ‘पुरवणे’.

‘पुरणे’ म्हणजे गरजेइतकं असणं. ‘पुरवणे’ म्हणजे जे आपणहून पुरलं नसतं, ते पुरेल असं करणं. आता हे करायचं कसं, याबद्दल ‘पुरवणे’ काहीच सांगत नाही. उत्तरपत्रिकेची पानं संपली की ‘पुरवणी’ जोडतात. तिथे पुरवणं म्हणजे भर घालणं. उरलेली मेणबत्ती रात्रभर पुरवायची असेल तर ती मधूनमधून विझवावी लागते. तिथे पुरवणं म्हणजे हात आखडता घेणं. एकाच क्रियापदात दोन्ही मार्ग सुखाने नांदतात, कारण दोन्हींचं मुक्कामाचं ठिकाण एक आहे: कमी पडणारी गोष्ट शेवटपर्यंत नेणं. ‘ईक आउट’ नेमकं हेच करतं. ‘पुरवणे’ आणि ‘ईक’ यांचं नातं रक्ताचं नाही, दोन्ही वेगवेगळ्या धातूंतून आलेत. पण दोन भाषांनी एकाच अडचणीवर एकाच तऱ्हेचा शब्द घडवावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे दोन मार्ग एकमेकांत कसे मिसळतात, ते पाहायला डॅनियल डिफोच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’मधली एक जागा अगदी नामी आहे. कादंबरी १७१९ सालची. निर्जन बेटावर अडकलेल्या क्रूसोकडची शाई संपत येते. अगदी थोडी उरते, तेव्हा तो तिच्यात थोडं थोडं पाणी घालून तिला ‘ईक आउट’ करत राहतो. शेवटी ती इतकी फिकट होते की कागदावर काळेपणाची खूणही धड उमटत नाही. आता इथे त्याने भर घातली की काटकसर केली? दोन्ही. पाणी घातलं ही भर झाली. थोडी थोडी शाई महिनोन्‌महिने चालवली ही काटकसर झाली. जुना अर्थ हळूहळू नव्या अर्थाकडे कसा झुकला असेल, हे या एका दौतीत दिसतं. भर कशाची घातली हे वाक्यातून गळालं, की मागे उरतं ते फक्त ‘थोडं थोडं करून टिकवलं’.

मूळ अर्थ भर घालण्याचाच, याबद्दल शंका नाही. जुन्या इंग्रजीत ‘वाढवणे’ या अर्थाची क्रियापदं या घराण्यात होती, आणि त्यांच्याच जोडीचं ‘एआकेन’ हे विशेषण होतं. त्याचा शब्दशः अर्थ ‘वाढलेला’. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात नायकाचं वर्णन करताना हे विशेषण येतं, तेव्हा त्याचा अर्थ ‘बलाढ्य’ असा होतो. हेच विशेषण गर्भवती स्त्रीसाठीही वापरलं जाई. वाढ म्हणजे थोरवी, वाढ म्हणजे बळ, वाढ म्हणजे पोटात वाढणारा जीव. ओढाताणीचा तेव्हा या शब्दाला वाराही लागलेला नव्हता.

त्याहून मागे गेलं की आपल्याही अंगणात पाय पडतो. भाषाशास्त्रज्ञांनी युरोपातल्या आणि भारतातल्या अनेक भाषांची तुलना करून जो समान पूर्वज कल्पिला आहे, त्यात ‘वाढणे, वाढवणे’ या अर्थाचा ‘औग्’सारखा एक धातू मांडला जातो. लॅटिनमध्ये त्याचं ‘औगेरे’ झालं. संस्कृतात त्याच धातूपासून ‘ओजस्’ आला, आणि ‘उग्र’ही. ओज आणि उग्र हे एकाच मुळाचे, हे पहिल्यांदा ऐकताना खटकतं, कारण एकात ‘ज’ आहे आणि दुसऱ्यात ‘ग’. पण योजना आणि योग, भोजन आणि भोग, त्यजणे आणि त्याग या जोड्या आपण रोज वापरतो. ‘ज’ आणि ‘ग’ची ही अदलाबदल संस्कृतच्या अंगवळणी पडलेली आहे. वेदांच्या भाषेत तर ‘उग्र’चं ‘अधिक उग्र’ करायचं झालं की रूप ‘ओजीयस्’ होतं. नात्याचा याहून बोलका पुरावा कुठला!

मग इंग्रजीत ‘क’ कुठून आला? जर्मन, डच, इंग्रजी या जर्मानिक शाखेत जुन्या ‘ग’चा ‘क’ झाला. हा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये सविस्तर मांडला, म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. संस्कृत ‘युग’ म्हणजे जू, लॅटिन ‘युगुम’, आणि इंग्रजीत तेच ‘योक’. आपलं बैलांच्या मानेवरचं ‘जू’ही त्या ‘युग’मधूनच आलेलं. हा धागा एकदा हाती आला की ‘ईक’चा ‘क’ परका वाटत नाही: ‘युग’ आणि ‘योक’ यांच्यात जे नातं, तेच ‘उग्र’ आणि ‘ईक’ यांच्यात.

लॅटिन शाखेतली भावंडं इंग्रजीत मागाहून, बरीचशी फ्रेंचच्या वाटेने आली आणि त्यांनी मोठी घरं बांधली. ‘ऑक्शन’ म्हणजे लिलाव, कारण बोली वाढत जाते. ‘ऑथर’ म्हणजे मुळात एखादी गोष्ट उगवू देणारा, वाढवणारा. ‘ऑग्मेंट’ म्हणजे तर सरळ वाढवणे. ‘ऑक्झिलियरी’ म्हणजे साहाय्यक, मदतीची जोड देणारा. रोमन सिनेटने इ.स.पू. २७ मध्ये ऑक्टेव्हियनला ‘ऑगस्टस’ ही पदवी दिली, तीही याच कुळातली मानली जाते. इ.स.पू. ८ मध्ये ‘सेक्स्टिलिस’ महिन्याला त्याचं नाव मिळालं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात ऑगस्ट येऊन बसला. ग्रीक शाखेतून ‘ऑक्झिन’ आला, वनस्पतींमधलं संप्रेरक. ते खोडातल्या पेशी लांबवतं. रोप उजेडाकडे वाकतं तेव्हा सावलीच्या बाजूला ऑक्झिन जास्त जमतं, त्या बाजूच्या पेशी अधिक लांबतात, आणि शेंडा उजेडाकडे कलतो. लांबवण्याविषयीच्या शब्दाचा हा भाऊ खरोखरच लांबवण्याचं काम करतो आहे.

या मातब्बर भावंडांपुढे ‘ईक’ साधाच राहिला. लिलाव, लेखक, सम्राट हे सगळे लॅटिनच्या वाट्याला गेले. घरातला तुटवडा भरून काढायचं काम मात्र या अस्सल जर्मानिक शब्दाकडे आलं. इंग्रजीत हे पुष्कळदा घडलेलं दिसतं. दरबाराला आणि ग्रंथांना लॅटिन शब्द, चुलीला आणि गोठ्याला जुना शब्द.

या शब्दाचा एक जुना जोडीदार होता, अव्ययाच्या रूपात. तोही ‘ईक’च. अर्थ ‘देखील, आणखी’. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत, अगदी पाचव्याच ओळीत, पश्चिमेच्या वाऱ्याचा उल्लेख येतो तो या ‘ईक’सकट. जर्मनमधला ‘आउख’ आणि डचमधला ‘ओक’ हे त्याचे सख्खे, आजही रोजच्या बोलण्यातले. इंग्रजीतला मात्र ‘ऑल्सो’पुढे टिकला नाही. क्रियापद आणि अव्यय एकाच घरातले, असं अनेक अभ्यासक मानतात. अर्थाने पाहिलं तर ते पटतं, कारण ‘आणखी’ म्हणणं म्हणजे बोलण्यात भर घालणंच.

याच घरातल्या एका शब्दाचं रूप असं पालटलं की तो ओळखूच येत नाही. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजीत ‘ईकनेम’ असा शब्द भेटतो. म्हणजे मूळ नावाला दिलेली जोड, वरचं नाव. त्याआधी ‘ॲन’ लागायचं: ॲन ईकनेम. भरभर बोलताना ‘ॲन’मधला ‘न’ कुठे संपतो आणि पुढचा शब्द कुठे सुरू होतो, हे कानाला कळत नाही. ऐकणाऱ्यांनी तो ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटवला. ‘अ नीकनेम’ झालं, आणि पुढे ‘निकनेम’. टोपणनावाचा इंग्रजी शब्द असा घडला. ‘न्यूट’ या पाणसरड्यासारख्या प्राण्याच्या नावातला ‘न’ही असाच उसना आहे. उलटंही घडलं. ‘ॲप्रन’ मुळात ‘नॅप्रन’ होता, ‘अंपायर’ मुळात ‘नंपायर’सारखा काहीतरी होता, आणि ‘ॲडर’ या सापाच्या नावातही आधी ‘न’ होता. यांचा ‘न’ ‘ॲन’ने आपल्याकडे ओढून घेतला. ‘ईक’ने मात्र या व्यवहारात एक अक्षर कमावलं. वाढवणाऱ्या शब्दाची स्वतःचीच वाढ झाली.

आता पुन्हा क्रियापदाकडे. शेक्सपिअरच्या काळात भर घालण्याचा अर्थ ठणठणीत होता. ‘ॲज यू लाइक इट’मध्ये ऑर्लँडो कुस्तीला उतरतो तेव्हा रोझलिंड म्हणते की माझ्याकडे असलेलं थोडंसं बळ तुला मिळो. लगेच सीलिया म्हणते, आणि माझंही, तिचं ‘ईक आउट’ करायला. तिचं पुरणार नाही, म्हणून माझ्याकडचं त्यात घाल. ‘हेन्री पाचवा’मध्ये निवेदक प्रेक्षकांना विनवतो की आमच्या खेळात जे उणं असेल ते तुमच्या कल्पनेने ‘ईक आउट’ करा. लाकडी रंगमंचावर समुद्र आणि आरमार कुठून आणणार? तिथे प्रेक्षकाचं मन पुरवणीसारखं जोडायचं. गंमत म्हणजे १६२३ च्या फोलिओ आवृत्तीत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित संग्रहात, या जागी ‘ईच’ असं रूप छापलेलं आहे. ‘च’वालं आणि ‘क’वालं अशी दोन्ही रूपं कित्येक वर्षं शेजारी शेजारी नांदली, आणि शेवटी ‘क’ उरला.

पुढच्या दोन शतकांत कर्म बदललं. या शब्दाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी उलथापालथ ती हीच. आधी ‘ईक आउट’च्या पुढे यायचा तो अपुरा साठा: शाई, बळ, मिळकत, वेळ. अमक्याने मिळकतीला शिकवण्यांची जोड देऊन ती ‘ईक आउट’ केली, असं म्हणायचे. मग लोक साठ्याऐवजी त्यातून जे निघतं तेच पुढे ठेवू लागले: अमक्याने उदरनिर्वाह ‘ईक आउट’ केला. उदरनिर्वाह ही काही शाईसारखी उरलेली वस्तू नाही, की तिच्यात पाणी घालावं. तो प्रयत्नाचा शेवट आहे. पुरवण्याची क्रिया मागे पडली आणि तिच्यातला ताण पुढे आला. ‘हातातोंडाची गाठ घालणे’ म्हणताना जो ताण आपल्याला जाणवतो, तोच.

हा बदल सगळ्यांना रुचला नाही. इंग्रजीच्या वापराविषयीचा हेन्री फाउलर यांचा प्रसिद्ध कोश १९२६ मध्ये आला. त्यांचं म्हणणं साधं होतं: या क्रियापदाचं कर्म मूळ साठा असावं, हाती आलेलं फळ नव्हे. मिळकत ‘ईक आउट’ होते, उदरनिर्वाह होत नाही. त्यांची बाजू मला समजते. शब्दाचा जुना नेमकेपणा त्यांना राखायचा होता, आणि तो राखण्याजोगा होताच. पण भाषेने तोवर निर्णय घेतला होता. आज ‘ईक आउट अ लिव्हिंग’ हाच या शब्दाचा सर्वांत परिचित वापर आहे आणि कुठलाही कोश त्याला चूक म्हणत नाही. शिवाय त्यात अर्थाची हानी झाली असं मला वाटत नाही. नापीक जमिनीच्या तुकड्यावर जो पोट भरतो, तो रोज न पुरणारं पुरवतच असतो. फक्त काय न पुरणारं आहे हे वाक्य सांगत नाही, ते आपण समजून घेतो.

इथे ‘आउट’कडे थोडं लक्ष द्यायला हवं. इंग्रजीत तो क्रियेला तडीस नेतो, शेवटापर्यंत, संपेपर्यंत. मराठीत हेच काम पुष्कळदा ‘काढणे’ करतं: दिवस काढले, रात्र काढली, वर्ष कसंबसं काढलं. ‘ईक आउट’ची एखादी कठीण जागा मराठीत आणताना अडलं तर मी आधी ‘काढणे’ लावून पाहतो. बहुतेक वेळा वाक्य चालू लागतं.

निसटत्या विजयाचा अर्थ सगळ्यांत अलीकडचा, खेळांच्या बातम्यांनी रुळवलेला. एका गुणाने जिंकलेला संघ विजय ‘ईक आउट’ करतो. मराठीत आपण अशा विजयाला ‘निसटता’ म्हणतो किंवा ‘काठावरचा’. पण ‘निसटता’मध्ये विजय हातातून सुटायला पाहत होता, हे चित्र आहे. ‘ईक आउट’मध्ये विजय थेंबाथेंबाने जमवला, हे चित्र आहे. संघाकडचं बळ जेमतेम होतं आणि ते नेमकं शेवटपर्यंत पुरलं. म्हणून पंधरा गोलांनी जिंकलेल्या संघाबद्दल हा शब्द कधीच येणार नाही.

लांबवण्याची इतर इंग्रजी क्रियापदं शेजारी ठेवली की याची जागा आणखी स्पष्ट होते. ‘एक्स्टेंड’मधला ‘टेंड’ आणि आपला ‘ताणणे’ एकाच मुळाचे; तंतू आणि तानही तिथलेच. मुदत, रस्ता, सुट्टी यांना ‘एक्स्टेंड’ चालतं. ‘प्रोलाँग’ म्हणजे काळाने लांब करणं, आयुष्य किंवा दुखणं. ‘प्रोट्रॅक्ट’मध्ये ओढण्याची क्रिया आहे, ‘ट्रॅक्टर’मध्ये आहे तीच, रेंगाळलेल्या वाटाघाटींना आणि चिघळलेल्या भांडणाला तो शोभतो. यांपैकी कशालाही मूळ गोष्ट अपुरी असण्याची अट नाही. रटाळ बैठक आणखी दोन तास चालली तर ती ‘प्रोट्रॅक्ट’ झाली. तिला ‘ईक आउट’ म्हटलं तर अर्थ असा होईल की बैठकीला विषयच पुरत नव्हते आणि कुणीतरी कसंबसं निभावून नेलं. तसं खरंच घडलं असेल, तर मात्र हाच शब्द योग्य.

स्पेलिंगचा एक खड्डा सांगून ठेवतो. या शब्दात ‘के’च्या दोन्ही बाजूंना एकेक ‘ई’ आहे. सुरुवातीला दोन ‘ई’ आणि शेवटी ‘के’ लिहिलं की तो उंदीर पाहून मारलेल्या किंचाळीचा शब्द होतो. उच्चार तोच असल्यामुळे ही चूक छापील मजकुरातही सापडते, आणि संगणकाची स्पेलिंग तपासणी ती पकडत नाही, कारण दोन्ही शब्द खरेच आहेत.

क्रियापदाचा जुना अर्थ विरळ झाला असला, तरी नामरूपात तो शाबूत आहे. स्कॉटलंडच्या कायद्यात मृताच्या मालमत्तेची यादी मंजूर झाल्यावर एखादी वस्तू राहून गेल्याचं लक्षात आलं, तर जी पुरवणी जोडतात तिला ‘ईक’ म्हणतात. आणि ब्रिटनमधले मधमाशीपालक आजही पोळ्याच्या पेटीखाली किंवा वर ठेवायच्या एका बुटक्या चौकटीला ‘ईक’ म्हणतात. पूर्वी मधमाश्यांची पोळी गवताच्या विणलेल्या टोपल्यांत असत. टोपली माश्यांना अपुरी पडू लागली की तिच्याखाली गवताचंच एक कडं सरकवायचे. टोपली तेवढी उंच व्हायची, आणि माश्या त्या नव्या जागेत खाली खाली पोळं वाढवत न्यायच्या.